शून्य लोकसंख्येचं गाव

“जुने खरोळे या गावाची लोकसंख्या किती?” दादांनी विचारलं.

“शून्य,” टेंभेकर साहेब म्हणाले.

“घरं?”

“शून्य.”

“मतदार?”

“आमदार साहेब, लोकसंख्याच शून्य म्हटल्यावर मतदार कुठून येणार?”

“मी तेच विचारतोय. मग हे गाव गटात कशाला घेतलंय?”

“सलगतेसाठी.”

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात हरकतींवर सुनावणी चालू होती. मी दादांच्या मागे फायलींची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. दादांचा, म्हणजे आमदार धोंडिराम सकपाळांचा, स्वीय सहायक होऊन मला आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत मी एवढंच शिकलो होतो की साहेब बोलत असताना पिशवीची चेन उघडायची नाही. तिचा आवाज होतो.

प्रकरण असं होतं. घोणसी धरणाच्या फुगवट्याच्या अल्याड करंजाळी, पल्याड निवेटी. पल्याडची अकरा गावं मिळून जिल्हा परिषदेचा एक गट होता, म्हणजे त्या अकरा गावांचा मिळून एक सदस्य. तो सदस्य कायम आमच्या पक्षाचा. आम्ही विरोधात बसलो होतो, त्यामुळे नवीन गटरचनेचा मसुदा जाहीर झाला तेव्हा त्या अकरा गावांचं वाटप झालेलं होतं. पाच गावं डोंगरामागच्या गटात ढकलली होती. सहा गावं उचलून पाण्यावरून अलीकडे आणून करंजाळीच्या गटात टाकली होती. दोन्हीकडे आमची मतं चहातल्या साखरेसारखी विरघळणार, असा हिशोब.

आता मध्ये तीन किलोमीटर पाणी असताना सहा गावं सलग कशी दाखवायची? त्यासाठी जुने खरोळे कामाला आलं. खरोळे धरणात गेलेलं गाव. माणसं उठून करंजाळीत आली, गाव खाली राहिलं. पण महसुली नकाशावरून ते कुणी पुसलं नाही. नकाशावर त्याची शीव एका बाजूनं करंजाळीला लागते, दुसऱ्या बाजूनं निवेटीला. म्हणून मसुद्यात करंजाळी आणि निवेटीच्या मध्ये ‘जुने खरोळे (बेचिराख)’ अशी नोंद होती.

“साहेब, ते गाव पाण्याखाली आहे,” दादा म्हणाले.

“शीव शिवेला लागून आहे ना?”

“आहे. पण पाण्याखाली लागून आहे.”

“नियमात पाण्याखाली की पाण्यावर असं काही म्हटलेलं नाही.”

समोरच्या पक्षाची माणसं हसली. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं, कारण टेंभेकर साहेब हे सगळं अजिबात न हसता बोलत होते. उपजिल्हाधिकारी होते ते. पंचावन्नच्या घरातले, बारीक, मफलर गुंडाळलेले. टेबलावर त्यांचा मोबाईल दर पाच मिनिटांनी थरथरत होता आणि प्रत्येक वेळी ते त्याच्याकडे, दारात घेणेकरी उभा असावा तसे बघत होते. फोन ‘वरून’ येत होते. वरून म्हणजे कुठून हे जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत होतं.

“ठीक आहे,” दादा म्हणाले. “सलग आहे म्हणता, तर पल्याडचा माणूस त्याच्या सदस्याला भेटायला करंजाळीला येणार कसा?”

“लाँच आहे की.”

“लाँच तुमच्याच कार्यालयानं बंद केली. एक तारखेपासून.”

टेंभेकर साहेबांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं छताकडे.

मी त्याचीच वाट बघत होतो. चेन उघडली, आवाज झाला, कागद दिला. लाँचच्या डिझेलचं आणि देखभालीचं अनुदान कपात. कारण, ‘पर्यायी रस्ता उपलब्ध’. हा पर्यायी रस्ता धरणाला वळसा घालून घाटातून सत्तर किलोमीटर जातो आणि त्यावर एस.टी. दिवसातून एकदा येते, तीही ड्रायव्हरला वाटलं तर. खाली सही होती. सही टेंभेकर साहेबांची होती.

त्यांनी आपली सही बराच वेळ वाचली.

“लाँच आहे म्हणून गाव सलग,” दादा म्हणाले, “आणि रस्ता आहे म्हणून लाँच नको. साहेब, आमच्या माणसांनी नक्की काय म्हणून जगायचं? मासा म्हणून?”

या वेळी आमची माणसं हसली. टेंभेकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, “स्थळपाहणी करावी लागेल. उद्या. हरकतदार सोबत पाहिजे. लाँचनं जायचं असेल, तर तुम्हीही लाँचनं.”

सभागृहातल्या सगळ्या माना दादांकडे वळल्या.

कारण सगळ्या तालुक्याला माहीत होतं की आमदार सकपाळ लाँचमध्ये बसत नाहीत. अकरा वर्षांत बसले नव्हते. निवेटीला त्यांची सख्खी मोठी बहीण दिलेली, सोनाआक्का. तिच्याकडे जायचं तरी गाडी काढून सत्तर किलोमीटरचा वळसा. मी नोकरीला लागलो तेव्हा कारण विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून मीच ठरवून टाकलं होतं की दादांना पाण्याची भीती वाटते. पत्रकारांनी विचारलं की मी आवाज खाली आणून सांगायचो, “दादांना पाणी सोसत नाही.” छापून यायचं नाही, पण पसरायचं.

दादांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, रिकामा केला आणि म्हणाले, “येतो.”

*

परतताना गाडीत दादा धरणाकडे बघत होते. करंजाळीच्या फाट्यावर म्हणाले, “आक्काचा निरोप आलाय. लाँच बंद झाली तर ती दसऱ्याला घर आवरून पोराकडं विरारला जाणार. नात दहावीला आहे. शाळा इकडं, घर तिकडं. पोरगी रोज सत्तर किलोमीटर जाईल का?”

“नाही जाणार.”

“आक्का गेली की निवेटी गेली. तिच्यामागं चार घरं, त्यांच्यामागं दहा. मग खरंच बेचिराख म्हणून लिहायला एक गाव तयार.”

मी म्हटलं, “दादा, उद्या कोकमाचं सरबत घेऊ का बरोबर? पाण्यावर मळमळलं तर बरं असतं.”

दादांनी माझ्याकडे वळून बघितलं. पुढचं आयुष्य या माणसाबरोबर काढायचं का, असा विचार चाललेला चेहरा होता.

“घे,” ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी करंजाळीच्या धक्क्यावर टेंभेकर साहेब पंचनाम्याचे कागद, कारकून आणि मफलर घेऊन हजर होते. फोन थरथरतच होता. “होय साहेब. नाही साहेब. बघतो साहेब,” एवढं तीन वेळा ऐकू आलं.

लाँच लागलेली होती. लाँच म्हणजे तिचं नाव. दिसायला ती पत्र्याचं छप्पर ठोकलेली मोठी होडीच. ज्ञानू भोई सुकाणूला. आत आधीच माणसं बसली होती. बाजार करून निघालेल्या दोन बायका, एक बकरी, आणि एका नवरीचा मामा, जो आहेराचं लोखंडी कपाट घेऊन चालला होता. कपाट मध्यभागी उभं होतं, आरशाची बाजू आमच्याकडे. त्यामुळे पूर्ण प्रवासात आम्हाला आमचेच चेहरे बघावे लागले.

टेंभेकर साहेबांनी पाय टाकण्याआधी विचारलं, “ही लाँच बंद आहे ना?”

“बंद?” ज्ञानूमामा म्हणाला. “कोन म्हनतं?”

“आदेश निघालाय. एक तारखेला.”

“मला न्हाय मिळाला.”

“शिपाई आला नाही आदेश घेऊन?”

“मी ऱ्हातो पल्याड, निवेटीत. शिपाई येनार कसा? लाँच बंद हाय न्हवं.”

कारकून काहीतरी लिहायला लागला, मग थांबला. लिहिण्यासारखं नव्हतं ते.

“डिझेल कुठलं?” टेंभेकर साहेबांनी विचारलं.

“मानसं घालत्यात. जमंल तवर जमंल.”

“लाइफ जॅकेट?”

ज्ञानूमामा उठला. तो ज्याच्यावर बसला होता ते लाइफ जॅकेट होतं. त्यानं ते झटकून साहेबांना दिलं. साहेबांनी ते मफलरवरून बांधलं. राहिले दादा.

दादा धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट, कोल्हापुरी. लाँचीतली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. कुणी या म्हणेना, कुणी हसेना. मला वाटलं, भीतीनं पाय उचलत नाहीये. मी पुढं होऊन हात दिला. त्यांनी तो घेतला. हाताला घाम होता.

दादा आत आले. बाजारवाल्या बाईनं दुसरीला कोपर मारलं. ज्ञानूमामानं कपाळाला हात लावला, त्यांच्याकडे न बघता.

“सोडू?” त्यानं विचारलं.

“सोड,” दादा म्हणाले.

*

एक किलोमीटर गेल्यावर टेंभेकर साहेबांचा फोन थरथरायचा थांबला. त्यांनी तो उचलून बघितला, वर धरला, खाली धरला.

“रेंज न्हाय मिळायची,” बाजारवाली म्हणाली. “पार निवेटी येऊन माघारी फिरूस्तवर.”

“म्हणजे फोन येणारच नाही?”

“कसा यील?”

टेंभेकर साहेबांनी फोन खिशात ठेवला. मग सावकाश मफलर सोडला. मी शपथेवर सांगतो, त्या माणसाला गळा आहे हे मला तेव्हा कळलं. ते मागे टेकले आणि पाण्याकडे बघायला लागले. कपाटाच्या आरशात त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता.

मध्यावर आलो आणि इंजिन बंद पडलं.

पडलं म्हणजे ज्ञानूमामानं बंद केलं. पण ते आम्हाला कुठं माहीत! टेंभेकर साहेब ताठ बसले.

“डिझेल संपलं?”

“न्हाय. गाव आलं.”

पुढं पाण्यावर तेलाचा एक रिकामा डबा तरंगत होता. त्याला काठी, काठीला लाल फडकं. खाली खरोळ्याच्या जुगाईचं देऊळ. दुष्काळाच्या वर्षी मे महिन्यात कळस दिसतो. एरवी देवीचा पत्ता म्हणजे हा डबा. डब्यावर अजूनही कंपनीच्या सूर्यफुलाचं चित्र होतं.

लाँच हळूहळू डब्याजवळ सरकली. बायका उठून उभ्या राहिल्या. मामानं टोपी काढली आणि कपाटाला एक हात लावून उभा राहिला, कपाट पण जणू पाया पडतंय असा.

“हितं थांबायचं आसतं,” ज्ञानूमामानं साहेबांना सांगितलं. “ज्यानं त्यानं आईला आपलं नाव सांगायचं, कुठं चाललो, कशाला चाललो ते सांगायचं. गावातनं जाताना देवळापुढनं मुक्यानं जात न्हाईत. पाणी आलं म्हनून काय झालं?”

“सगळ्यांनी?”

“समद्यांनी. आनि हितं खोटं बोलत न्हाईत.”

बाजारवाली म्हणाली, “आई, मी शेवंता. बाजार करून घरी चाललेय. कांदा लई म्हाग झालाय.” दुसरी म्हणाली, “मी हिच्या संगं.” मामा म्हणाला, “मी तुकाराम. भाचीच्या लग्नाला. कपाट हप्त्यावर घेतलंय.” एवढं बोलून त्यानं आमच्याकडे बघितलं, कारण ते सांगायला नको होतं असं त्याच्या लक्षात आलं. पण इथं खोटं बोलत नाहीत.

सगळे टेंभेकर साहेबांकडे वळले. ते उभे राहिले.

“मी, उपजिल्हाधिकारी तथा सुनावणी अधिकारी...”

“साहेब,” ज्ञानूमामा हळूच म्हणाला, “तिला हुद्दा कळत न्हाय. नाव सांगा.”

साहेबांनी डब्याकडे बघितलं.

“विश्वनाथ,” साहेब म्हणाले. “गाव आहे का ते बघायला आलोय.”

“मग बघा की,” शेवंता म्हणाली.

साहेबांनी खरंच कडेवरून वाकून खाली बघितलं. पाणी हिरवंकाळं होतं. त्यात लाइफ जॅकेट घातलेला एक माणूस त्यांच्याकडे बघत होता. दुसरं काही नाही. ते बराच वेळ वाकून होते. कारकुनानं त्यांच्या जॅकेटचा पट्टा मागून धरून ठेवला.

मी माझं नाव सांगितलं, मंदार. चाललोय दादांबरोबर, पगारासाठी. बकरीला माफ केलं गेलं.

मग दादा राहिले.

ज्ञानूमामा इंजिनाच्या दोरीला हात लावून बसला होता, पण ओढत नव्हता. पाणी पत्र्यावर टपटप वाजत होतं. दादा डब्याकडे बघत होते. मी कोकमाच्या बाटलीचं झाकण काढून तयार होतो.

“आई,” दादा म्हणाले, आणि त्यांचा आवाज विधानसभेतला राहिला नाही. “मी धोंड्या. खरोळ्याचा. निवडून आलो त्या साली हितंच हुबा राहून म्हनलो हुतो, पूल झाल्याबिगार लाँचीत पाय ठेवनार न्हाय. समद्या गावानं टाळ्या वाजवल्या हुत्या.” ते थांबले. “पूल झाला न्हाय. दर साली अर्थसंकल्पात मागितला. सत्तेत हुतो तवा बी झाला न्हाय, आता तर इचारायला नको. हुनार बी न्हाय, असं मला वाटाय लागलंय. पर निदान ही लाँच तरी ऱ्हाऊ दे. म्हनून बोललेलं मोडून आलोय. काय करायचं ते कर.”

मी बाटलीचं झाकण लावलं.

म्हणजे ती भीती नव्हतीच. आठ महिने मी पत्रकारांना माझ्याच डोक्यातलं पाणी विकत होतो. अकरा वर्षं हा माणूस सत्तर किलोमीटरचा वळसा घालत होता तो एका वाक्यासाठी, जे त्यानं टाळ्यांच्या नादात एका तेलाच्या डब्यासमोर उच्चारलं होतं. आणि ते मोडलं की कबूल करायला लागणार होतं की पूल येत नाही.

ज्ञानूमामानं दोरी ओढली. इंजिन लागलं नाही.

सगळ्यांनी दादांकडे बघितलं.

दुसऱ्यांदा ओढली. खोकल्यासारखा आवाज आला आणि थांबला. शेवंतानं डोळे मिटले. टेंभेकर साहेबांनी जॅकेटची गाठ आवळली. दादांच्या चेहऱ्यावर मात्र राग आला होता, आणि देवीशी ते आता खालच्या स्वरात वाद घालतील असं मला वाटलं.

तिसऱ्यांदा लागलं.

लाँचीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. बकरीनंसुद्धा. कपाटवाला मामा म्हणाला, “डिझेलमधी पानी जातं त्येच्या,” आणि शेवंतानं त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं.

*

निवेटीच्या काठावर सोनाआक्का उभी होती. साठीची, काटक, कासोटा घातलेली, हातात विळा. लाँचीतून आपला भाऊ उतरतोय हे दिसल्यावर तिनं विळा खाली ठेवला.

“आलास?” ती म्हणाली.

“आलो.”

“आईला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हनली?”

“दोनदा इंजिन लागलं न्हाय. तिसऱ्यांदा लागलं.”

“मग झालं की. दोनदा रागावली.” आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग अचानक तिचा आवाज चढला. “आरं मुडद्या, पूल मागितला हुता कुनी तुला? अं? आमी होडी मागितली हुती. दिसातनं चार वेळा सुटंल अशी होडी. पूल तुजा तू बोललास, टाळ्या मिळत्यात म्हनून. आनि अकरा साल माझ्या दारात गाडी घेऊन येतोयस, धुरळा उडवीत, दोन घास खाऊन अंधार व्हायच्या आत पळतोयस! मी आईला त्याच सालात सांगून टाकलं हुतं, त्येचं बोलनं काय मनावर घेऊ नगंस, ल्हान हाय.”

“आक्का, मी एक्केचाळीस वर्सांचा हुतो.”

“तेच म्हनते.”

दादा हसले. मी त्यांना आठ महिन्यांत असं हसताना बघितलं नव्हतं. पोट धरून, तोंड उघडं टाकून. मग पायातल्या कोल्हापुरी काढून पाण्यात पाय सोडून तिथंच पायरीवर बसले, पांढऱ्या पँटीसकट. तो पाण्याला भिणारा माणूस नव्हता. धरण होण्याआधी ही नदी घोट्याएवढी होती तेव्हा, लग्न ठरलेल्या बहिणीचा हात धरून, ती तुडवत तिला सासर दाखवायला घेऊन आलेला तो धाकटा भाऊ होता. ते आक्कानंच मग सांगितलं.

*

आक्काच्या ओसरीवर चहा झाला. टेंभेकर साहेब पंचनामा लिहायला बसले. मफलर गुडघ्यावर होता. फोन त्यांनी विसरल्यासारखा तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला होता.

पंचनाम्यात एक रकाना असतो, ‘प्रवासाचे साधन’. साहेबांचा पेन त्या रकान्यावर येऊन थांबला.

“आमदार साहेब,” ते म्हणाले, “इथं वरून फोन येत नाही, म्हणून सरळ बोलतो. माझ्यापुढं दोनच शब्द आहेत. ‘लाँच’ लिहिलं तर लाँच चालू आहे असं होतं. मग ती बंद केल्याचा आदेश मलाच मागं घ्यावा लागेल. तुम्हाला डिझेल मिळेल. पण लाँच चालू म्हटलं की दोन्ही काठ जोडलेले, आणि तुमची सहा गावं जातील करंजाळीच्या गटात. ‘रस्ता’ लिहिलं तर सलगता नाही, गट तुमचा तुम्हाला परत. पण लाँच कायमची गेली.”

“म्हणजे एकच मिळेल.”

“एकच.”

 पक्षाचे जिल्हाध्यक्ष इथं असते तर त्यांनी ‘रस्ता’ हा शब्द ओरडून सांगितला असता. गट गेला तर जिल्हा परिषदेतली सत्ता जाते, सत्ता गेली तर दादांचं तिकीटही जाऊ शकतं. हे मला आठ महिन्यांत कळलं होतं, तर दादांना अकरा वर्षांत नक्कीच. मी पिशवी घट्ट धरून बसलो.

आक्काची नात दाराच्या आत उभी होती. तिच्या पाठीवर दप्तर होतं. रविवार होता, तरी होतं.

“लाँच लिहा,” दादा म्हणाले.

एवढंच. विचार करायला चहाचा एक घोटही घेतला नाही.

“विचार करा,” साहेब म्हणाले.

“केला. तिथं मध्यावर थांबलो होतो तेव्हाच. लिहा.”

साहेबांनी ‘लाँच’ लिहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी टेन्शनमध्ये असलो की विनोद करतो. लग्नातही केला होता, तो वेगळा विषय.

“साहेब,” मी म्हणालो, “लाँच बंद ठेवली तर मतदान यंत्रं पल्याड कशी न्यायची, तेवढं मात्र एकदा वर विचारून घ्या. यंत्रांना पोहता येत असेल तर प्रश्न नाही. रस्त्यानं पाठवली तर ती निकाल लागल्यावर पोहोचतील.”

दादांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवीत शिरायला तयार होतो.

टेंभेकर साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर झरझर लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, जसं कारकुनाला सांगतात.

“सदर जलाशयापलीकडील मतदान केंद्रांवर यंत्रे व कर्मचारी यांच्या सुरक्षित वाहतुकीसाठी लाँच सेवा निवडणूक प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत अखंड सुरू ठेवणे आवश्यक. सबब हे साधन केवळ निवडणूक कामाचे असून, त्यास गावांमधील नैसर्गिक सलगता मानता येणार नाही. जुने खरोळे हे गाव मी प्रत्यक्ष वाकून पाहिले. दिसले नाही.”

पूर्णविराम दिला. पेनचं टोपण लावलं.

“म्हणजे?” आक्कानं विचारलं.

“म्हणजे लाँच पण आणि गट पण,” दादा हळूच म्हणाले, आणि त्यांनी टेंभेकर साहेबांपुढं हात जोडले. “साहेब, वरचे काय म्हणतील?”

“वरचे,” साहेब म्हणाले, “निवडणुकीच्या कामाला नाही म्हणू शकत नाहीत. म्हणाले तर लेखी म्हणावं लागतं. लेखी कुणी म्हणत नाही.” त्यांनी चहाचा कप पुढं केला. “अजून आहे का?”

आक्कानं पातेलंच आणलं.

सरकारनं आयुष्यात माझा मान्य केलेला हा एकच विनोद. मी त्याची प्रत घरी फ्रेम करून लावली आहे.

*

अंतिम गटरचना आली तेव्हा अकरा गावं एका गटात होती. जुने खरोळे कुठल्याच गटात नव्हतं. लाँचला डिझेल सुरू झालं. ‘निवडणूक प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत.’

आम्हाला वाटलं, चला, पाच-सहा महिन्यांची सोय झाली, पुढचं पुढं. पण मग कुणीतरी कुठल्याशा वेगळ्याच मुद्द्यावर कोर्टात गेलं आणि निवडणूक पुढं ढकलली. मग आणखी पुढं. त्या काळात वर्तमानपत्रात लोकशाहीबद्दल फार काळजीचे अग्रलेख येत होते. आम्हीही ते वाचून मान हलवायचो. दादा तर सभागृहात तळमळीनं बोलले, निवडणुका घ्या म्हणून. आणि ज्ञानूमामा दर फेरीला डब्यापाशी इंजिन बंद करून म्हणायचा, “आई, मी ज्ञानू. तेवढी विलेक्शन व्हऊ देऊ नगंस.”

आक्काच्या नातीनं दहावी केली, बारावी केली, नर्सिंगला लागली. निवडणूक प्रक्रिया सुरूच होती. शेवटी ती एकदाची पार पडली तेव्हा लाँच इतकी वर्षं अंगवळणी पडली होती की ती कुणाच्या आदेशानं चालते हे कुणालाच आठवेना, आणि जे आठवत नाही ते बंद करायला कुठलं कार्यालय फाईल शोधत बसणार? टेंभेकर साहेब तोवर निवृत्त झाले होते. त्यांना एकदा रस्त्यात भेटलो तर म्हणाले, “कळस दिसला का हो कधी?”

दादा पुढच्या वेळी पडले. गटरचनेनं नाही, साध्या मतांनी. निकालाच्या संध्याकाळी कार्यकर्ते रडत होते, आणि दादांनी मला विचारलं, “शेवटची लाँच कितीला?”

मीही बरोबर गेलो. मध्यावर ज्ञानूमामानं इंजिन बंद केलं. डबा नवीन होता, सूर्यफुलाऐवजी शेंगदाण्याचा. सगळे उठून उभे राहिले. दादांची पाळी आली.

“आई, मी धोंड्या,” ते म्हणाले. “आक्काकडं. जेवायला.”

इंजिन पहिल्याच ओढीत लागलं.